गेंड्याच्या प्लेटा

१२ जून
पाऊस लागला. राळेची पूड दमटून गोळे झाले. ॲक्वाटिंट तूर्त बंद.

१४ जून
पहिल्या वर्षाला ड्यूररचा गेंडा दाखवला. १५१५ चा वुडकट. अंगावर चिलखताचे पत्रे, पायांवर खवले, मानेपाशी एक जास्तीचं शिंग. त्याने गेंडा पाहिलाच नव्हता. लिस्बनहून आलेलं वर्णन आणि कुणाचं तरी रेखाटन, एवढ्यावर काम. पोरं हसली. हसा म्हटलं, युरोपने पुढे कित्येक पिढ्या गेंडा म्हणून हाच पाहिला.

१५ जून
गेंडा आपल्याकडचाच. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला हवी होती दीवला किल्ला बांधायची परवानगी. गुजरातच्या सुलतानाने ती दिली नाही, भेटी दिल्या. त्यात हा. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजात चढवला, २० मे रोजी लिस्बनला उतरवला.
याच्यावर सहा प्लेटा. माणसं नकोत.

१८ जून
माणसं नकोत, मग गोष्ट पुढे सरकणार कशी? साखळी, दोरखंड, फळी. हात दाखवावा का एखादा?
रात्री गोयाची गाढवं काढून बसले. गाढव-डॉक्टर नाडी बघतोय, रोगी मरणाला टेकलेला. जबरदस्त. पण ते गाढव नव्हे, कोट घातलेला माणूसच. पंचतंत्रातही तेच. मीही इतकी वर्षं कोल्हा म्हणून पुढारीच काढत आले.

२३ जून
राणीची बाग. गेंड्याच्या नावाने पाणघोडा बघत उभी राहिले. याच्या पायाला चार बोटं, गेंड्याला तीन. कातडीची घडी मात्र उपयोगी पडेल. छत्रीतून ठिबकून वही भिजली.

२६ जून
प्लेट दोन, जहाज. छापात डावीकडे जायचं, म्हणून प्लेटवर उजवीकडे. सवयीचं आहे, तरी आरसा धरून पाहिलाच.
झिंकवर ॲसिडचे बुडबुडे बसून राहिले की रेष खडबडीत खाते. पिसाने हलकेच सारत बसले. पीस कबुतराचं, खिडकीत मिळालेलं.

२७ जून
खांदा.

३ जुलै
मागच्या बाकावरची मुलगी: “मॅडम, जहाजावर तो खात काय होता?”
गवत, पेंढा, शिजवलेला भात. वाचलं होतं, सांगितलं. घरी येईपर्यंत तेच डोक्यात. चार महिने समुद्र, आणि कुणीतरी रोज त्याच्यासाठी भात रांधतंय.

४ जुलै
शिडं घासून काढली. स्क्रेपर, मग बर्निशर, दुपार गेली. आता फक्त तपेलं आणि त्यात खुपसलेलं थोबाड. गेंड्याचा वरचा ओठ बोटासारखा वळतो, घास ओढून घेतो. चिलखत काढायला सोपं. ओठ अवघड.

९ जुलै
प्रूफ. चाक प्रेसवरच्या मामांनी फिरवलं, मला जमेना. ब्लँकेट उचललं. तपेलं फारच काळं. ओठ जमलाय. ग्राउंड कुठेतरी सुटलं असणार, ओठाच्या कडेला ॲसिडने बारीक ठिपके खाल्लेत. शितं वाटतात. राहू देत.

१४ जुलै
प्लेट चार. लिस्बनला राजाने गेंड्यासमोर हत्ती आणला, झुंज बघायला. हत्ती पळाला.
गॅलरीतून फोन. प्राणी आहेत ना, मग जरा गोड असू देत, लोक हॉलमध्ये लावतात. हत्ती आहे का? आहे म्हटलं. पाठमोरा.

२२ जुलै
सहावी. लिस्बनहून पोपला भेट म्हणून पुन्हा जहाजात. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. गेंड्याला पोहता येतं. हा साखळीला होता.
पाणी ॲक्वाटिंटनेच हवं. राळ उन्हात ठेवायची तर ऊन कुठे आहे?

२९ जुलै
राळ शेवटी घरी बल्बखाली सुकवली. घरभर वास. घरच्यांची कुरकुर.

२ ऑगस्ट
सहावीचं प्रूफ. मामा बराच वेळ बघत राहिले. “पायातली कडी जरा ठळक करा, मॅडम. दिसत नाही, मग तो बुडतो कशाला, कळत नाही.”
बरोबर आहे. उद्या कडीपुरती प्लेट परत ॲसिडमध्ये.

५ ऑगस्ट
आवृत्ती दहाचीच. बाकीच्या कागदाला बुरशी लागली. भाताचं पहिलं प्रूफ त्या मुलीने मागितलं, काळं तपेलं असलेलंच. दिलं. सोमवारी खांदा दाखवायचा.