भाऊंची रात्रीची फेरी

आंधळगाव म्हटले की लोकांना कोशाचे कापड आठवते. आमच्या घरी माग नाही, धानाची शेती आहे. मी बी.कॉम. होऊन कारकुनीला लागलो. वावर मोठे भाऊ सांभाळतात. उन्हाळी धान लावले की बांधीतले पाणी आटू देऊन चालत नाही. शेतीची वीज पाळीने येते. रात्रीची पाळी असली की भाऊ बारा वाजता टॉर्च आणि काठी घेऊन मोटार सुरू करायला निघतात. दोन वर्षांपूर्वी स्टार्टरच्या पेटीखाली, त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर घोणस बसली होती. तेव्हापासून ते परत येईपर्यंत वहिनी दारातच बसून राहायच्या.

पुतणी तंत्रनिकेतनात शिकते. ती म्हणाली, "काका, घरूनच फोनने मोटार सुरू करता येते." गोष्ट नवी नव्हती. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश' या अशाच यंत्राला २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले होते. पण पोरीला स्वतःच्या हाताने करून पाहायचे होते. मी म्हटले, "सामान मी आणून देतो. पण प्रत्येक वायर कशासाठी, ते मला समजावून सांगायचे."

सामान थोडेच होते. 'अर्डुइनो ऊनो' नावाची पाटी, म्हणजे यंत्राचा मेंदू. आणि 'सिम ८०० एल' नावाचा छोटा मोडेम, ज्यात सिमकार्ड बसते. हा मोडेम फक्त टू-जीवर चालतो, म्हणून जिओचे सिम त्यात उपयोगाचे नाही. दोघांमध्ये बोलण्यासाठी दोन वायरी : एक पाठवण्याची, एक घेण्याची. पोरीने पाठवण्याला पाठवणे आणि घेण्याला घेणे जोडले. दोघेही मुके. मी म्हटले, "बेटा, आमच्या ऑफिसातली जावक दुसऱ्या ऑफिसात आवक होते. जावकेला जावक जोडशील तर पत्र पोचेल कसे?" वायरी उलटसुलट केल्या. दोघांची ऋण वायर एक केली, कारण तीच दोघांचे समान माप. पाटी ५ व्होल्टवर बोलते, मोडेमला तेवढे सोसत नाही. म्हणून त्या वायरीत दोन रेझिस्टर घालून व्होल्टेज उतरवले. दोन्हीकडे वेग ९६०० ठेवला. मग तिने 'एटी' ही दोन अक्षरे पाठवली आणि मोडेमने 'ओके' म्हटले! ही भाषा १९८१ च्या हेज मोडेमपासून चालत आली आहे.

आनंद दोन मिनिटे टिकला. मोडेम टॉवर शोधायला लागला की बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. तीन रात्री हेच. मीटर लावला तर वीज पुरेशी दिसे. पोरगी रडकुंडीला आली. शेवटी तिने मोडेमचे माहितीपत्रक ओळीओळीने वाचले. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात, आणि टॉवरशी बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट लागतो. असे झटके सेकंदाला सुमारे २१७ वेळा येतात. मीटर दाखवतो फक्त सरासरी. हे मला लगेच समजले. महिन्याची सरासरी पाहून घर चालत नाही. देणेकरी एकाच दिवशी दारात आले तर गल्ल्यात किती आहे, ते पाहावे लागते. तिने ४ व्होल्टचा वेगळा दमदार पुरवठा दिला, वायरी जाड व आखूड केल्या आणि मोडेमजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला. हा कपॅसिटर म्हणजे अडीअडचणीची शिल्लक. दिवा तीन सेकंदांनी एकदा लुकलुकू लागला, म्हणजे टॉवर सापडला.

भाऊंनी सगळे पाहून एकच विचारले, "मी मोटार खोलून बसलो असताना मेसेज आला तर?"

आम्ही दोघे गप्प झालो. सापापासून वाचवायला निघालो आणि हा धोका आमच्या ध्यानातच आला नव्हता. पोरीने पेटीवर एक खटका बसवला. तो 'हाताने' वर केला की मोडेमकडून स्टार्टरकडे जाणारी वायरच तुटते. प्रोग्रॅमवर विसंबायचे नाही. शिवाय मोटार खोलण्याआधी मेन स्विच पाडून फ्यूज खिशात ठेवायचा, हा नियम कायम. घरच्या दोनच नंबरांचा मेसेज यंत्र ऐकते. थ्री-फेजची जोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घेतली. तिथे हौस चालत नाही.

आता भाऊ अंथरुणातूनच मेसेज करतात. 'मोटार सुरू' असे उत्तर येते. पाणी वळवायला वावरात जावेच लागते, पण ते उजाडल्यावर. वहिनी रात्री दाराला कडी लावून झोपतात.

आपल्या घरातली मुलगी वायरी पसरून बसली तर पसारा म्हणून रागावू नका. जवळ बसा, विचारा. आपल्याला यंत्र कळत नसेल. पण ते ज्याच्या हाती जाणार, त्याची काळजी आपल्याला कळते. भाऊंचा तो एक प्रश्न आमच्या कोणत्याच पुस्तकात नव्हता.