पहिली गाडी किती सीसीची?

भाच्याला १८ पूर्ण झाली आणि पहिलीच गाडी त्याला केटीएमची ३९० ड्यूक हवीय. ताईने हात झटकले, "तू मामा ना, तूच सांग!"

कायद्याची आडकाठी नाही. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचा एकच परवाना; १०० सीसीलाही तोच, १००० सीसीलाही तोच. युरोपात १८व्या वर्षी ३५ किलोवॅटपर्यंतचीच गाडी चालवता येते.

२००१ साली बजाजची दीडशेची पल्सर आली, तेव्हा तिची १२ हॉर्सपॉवरसुद्धा आम्हाला वारू उधळल्यासारखी वाटायची. ही ड्यूक चाकणचीच, पण ४० हॉर्सपॉवरच्या वर!

खरी भानगड वेगाची नाही, मनगटाची आहे. खड्ड्यात गचका बसला की नवशिक्याचा हात नकळत अ‍ॅक्सिलरेटर पिळतो. १०० सीसीची गाडी तेवढ्यावर नुसती गुरगुरते. ३९० मात्र पुढच्या पीएमपीला जाऊन भिडते. एबीएस ब्रेक सांभाळतं, पिळलेलं मनगट नाही.

म्हणून सांगितलं, वर्षभर साधी सेकंडहँड गाडी चालव. कर्वे रोडची संध्याकाळ, पहिल्या पावसातला निसरडा रस्ता, कात्रजचा घाट, सगळं तिच्यावर शीक. मग ड्यूक घे, मीही मागे बसेन.

तो रुसलाय. रुसू दे. ससूनच्या वॉर्डात भेटण्यापेक्षा रुसलेला भाचा परवडला.