हिशेब अकोल्यापर्यंतचा

ट्रिपचा शेवटचा दिवस आणि परीक्षेच्या आदली रात्र यांत फारसा फरक नसतो. चार दिवस आरामात काढलेले असतात आणि मग एकदम आठवतं, अरे, अर्धा सिलॅबस बाकीच आहे! कोलकात्यात आमच्याकडे जानेवारीतला एक अख्खा दिवस होता, रात्रीची आझाद हिंद एक्स्प्रेस होती आणि यादीत अकरा गोष्टी उरल्या होत्या. त्यातल्या सात खायच्या.

आम्ही म्हणजे मी आणि पार्टनर. (खरं नाव छापायची परवानगी नाही.) पुण्यात सहा वर्षं एका फ्लॅटमध्ये राहतोय. मी फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे वीस तारखेनंतर तिच्या पगारावर जगणारी. ती हिंजवडीत एचआरमध्ये. मूळची अकोल्याची. दिवाळीआधी तिच्या बाबांना पॅरालिसिसचा अॅटॅक आला. त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. तेव्हापासून शेजारचा एक मुलगा जमेल तसं दुकान उघडतोय. पार्टनर परत जाणार का, हा प्रश्न आमच्या घरात दारातल्या कुरिअरच्या खोक्यासारखा पडून होता. दोघी रोज वळसा घालून जायचो. परतीची तिकिटं काढताना तिनं स्वतःचं फक्त अकोल्यापर्यंतचं काढलं. 'बाबांना भेटून येते,' म्हणाली. मीही पुढं विचारलं नाही.

तर सकाळी एस्प्लनेडला मेट्रो पकडली आणि चक्क हुगळी नदीच्या खालून हावड्याला गेलो! मार्च २०२४ मध्ये हा मार्ग सुरू झाला. नदीखालचं अर्धा किलोमीटर पाऊण मिनिटात संपतं. बोगद्यात निळे दिवे दिसले की अख्खा डबा मोबाइल वर करतो. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाकलं आणि येताना हावडा ब्रिजवरून चालत आलो. १९४३ चा पूल, नट-बोल्ट नाहीत, सगळं काम रिव्हेटचं. पुलाखालीच मलिक घाटाचा फुलबाजार. दादरचा फुलबाजार पाहिलेल्यांनी त्याच्या शेजारी एक नदी आणून ठेवावी, म्हणजे अंदाज येईल. झेंडूच्या माळा अजगरासारख्या खांद्यावर टाकून माणसं धावत असतात. मध्येच सेल्फी काढणाऱ्यांना ती जे सुनावतात, ते बंगाली येत नसलं तरी नीट समजतं.

मग कॉलेज स्ट्रीट. कॉफी हाउसची जागा म्हणजे पूर्वीचा अल्बर्ट हॉल. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, पगडीवाले वेटर. 'इन्फ्युजन' मागवलं की काळी कॉफी येते. खरं सांगू? कॉफी यथातथाच. पण एका कपावर दोन तास बसलात तरी कुणी बिल आणून आपटत नाही. फ्रीलान्सरला आणखी काय हवं!

बाहेर जुन्या पुस्तकांच्या टपऱ्यांमध्ये मी हरवले आणि पार्टनर गायब. सापडली ती एका स्टेशनरीच्या दुकानात, हातात लाल कापडी बांधणीची जाडजूड खातेवही. बंगाली व्यापारी पोयला बैशाखला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, अशा वहीत नवा हिशेब सुरू करतात. त्याला हालखाता म्हणतात. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला, पाडव्याला चोपडी पुजतात ना, तसंच. पार्टनर वहीची शिवण ओढून पाहत होती. पानाचा जाडपणा चिमटीत धरून बघत होती.

"दुकानासाठी?"

"हं."

एवढंच. मग आम्ही जेवायला गेलो.

कोलकात्यात पाइस हॉटेल नावाची एक ग्रेट चीज आहे. एका पैशात जेवण मिळायचं त्या काळातलं नाव. आजही साधा मासे-भात केळीच्या पानावर वाढतात आणि प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे लावतात. भाताचे वेगळे, डाळीचे वेगळे, अगदी पानाचेही वेगळे. मोहरीच्या वाटणातला मासा आला आणि नेमकं तेव्हाच ती म्हणाली, "ऑफिसात नोटीस दिली मी. निघायच्या आधीच. सांगायचं राहिलं."

सांगायचं राहिलं! दूध आणायचं राहिलं म्हणतात तसं! माझा घास तोंडातच राहिला. मी आवाज चढवला, शेजारच्या टेबलावरचे काका जेवायचे थांबले. ती शांतपणे काटे काढत बसली होती. "आधी सांगितलं असतं तर तू ट्रिपभर माझ्याशी गोड वागली असतीस," ती म्हणाली. "ते मला झेपलं नसतं."

यावर काय बोलणार? मी अजून एक मासा मागवला.

शोभाबाजारपर्यंत मेट्रोनं गेलो, एकमेकींशी न बोलता. कुमारटोलीच्या गल्ल्यांत सरस्वतीपूजेची घाई चालली होती. पेंढ्याचे सांगाडे, त्यावर माती, आणि वाळत घातलेल्या रांगेनं शंभर सरस्वत्या, अजून डोळे न काढलेल्या. एरवी मी तिथं तीनशे फोटो काढले असते.

आमचं बोलणं सुरू झालं ते बागबाजारमध्ये, आणि तेही मराठ्यांच्या कृपेनं. तिथल्या एका गल्लीचं नाव आहे मराठा डिच लेन. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर आल्या, तेव्हा कोलकातेकरांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल झाला, आणि मराठे काही कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. १७९९ मध्ये तो बुजवून रस्ता केला. पण बंगालच्या गावांनी बरंच सोसलं. अजूनही तिथल्या आया 'बोर्गी' आले म्हणत पोरं झोपवतात. बोर्गी म्हणजे आपले बारगीर. शाळेत अटकेपार झेंड्यांचे धडे पाठ केलेल्यांनी या गल्लीत एकदा जरूर उभं राहावं.

मिठाईवाल्या दादांनी "कोथा थेके?" विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर ते हसून म्हणाले, "ओ, बोर्गी!" मी पार्टनरकडे बोट दाखवलं. नागपूरकर भोसले तिच्याकडचे, माझा काही संबंध नाही! "काहून वं? लूट तर तुयाच तोंडात हाये," ती म्हणाली. माझ्या तोंडात खरोखरच त्यांच्याकडचा तिसरा संदेश होता. हिवाळ्यात त्यात शिंदीच्या रसाचा ताजा गूळ घालतात. नोलेन गूड. धुरकट, खमंग, आपल्या गुळापेक्षा एकदम वेगळी चव. रोशोगुल्ल्याची ख्याती आहे, २०१७ मध्ये जीआयही मिळालं, पण माझं मत संदेशालाच.

बागबाजार घाटावरून हावड्याची लाँच घेतली. सूर्य पूल ओलांडून पलीकडे चालला होता. मी फ्लॅटचं डिपॉझिट, फ्रिज, गॅसचं कनेक्शन, असलं काहीबाही विचारत सुटले. फ्रिज मला, मिक्सर तिला. मार्चपर्यंत तिचं अर्धं भाडं ती देणार, हे मी नको म्हणत असतानाच ठरलं. माझं पुढं कसं होणार ते दोघींनाही माहीत नव्हतं, आणि आम्ही तसं म्हटलंही.

मग तिनं ती लाल वही काढली आणि शेवटच्या पानावर ट्रिपचा हिशेब मांडला. मेट्रो, कॉफी, मासे (माझे दोन), संदेश, लाँच.

"तुझ्याकडून साडेतीनशे येणं."

मी मोबाइल काढला. "आत्ता पाठवते."

"राहू दे," ती म्हणाली आणि वही मिटली. "खात्यावर मांडून ठेवलेत. अकोल्याला येऊन दे."