शंकरपाळी आणि समभुज चौकोन

दिवाळीला चार दिवस होते. सूर्यास्ताआधी जेवणं उरकली आणि मी शंकरपाळ्यांचा घाट घातला. आठवीतली नात पुस्तक घेऊन ओट्यापाशी आली. इथे सुरतेत तिला गुजराती शाळेत ‘समबाजु चतुष्कोण’ शिकवतात. माझ्या सोलापूरच्या शाळेत तो ‘समभुज चौकोन’ होता.

म्हटलं, “हा बघ, पोळीवरच आहे.” कातण्याने आधी उभ्या रेघा मारल्या, मग तेवढ्याच अंतरावर तिरक्या. चारही बाजू सारख्या. समोरासमोरची टोकं जोडली, तर दोन्ही कर्ण एकमेकांना मधोमध, काटकोनात छेदतात. तिरक्याऐवजी आडव्या रेघा मारल्या की चौरस. म्हणजे प्रत्येक चौरस समभुज चौकोन असतो; प्रत्येक समभुज चौकोन मात्र चौरस नसतो.

“मग आजी, बाजू सारख्या तर आतली जागाही सारखीच ना?”

“हो, सारखीच,” मी ठोकून दिलं.

“नाही, आई,” कढईपाशी उभी सून म्हणाली. ती गणितातली बी.एस्सी. “दुकानाचं जाळीचं शटर बघा. पट्ट्या त्याच, पण सरकवलं की फटी मिटत जातात. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त हेच दाखवलंय. बाजू २५, कर्ण ३० आणि ४० असतील, तर त्यांच्या गुणाकाराच्या निम्मं, म्हणजे ६०० क्षेत्रफळ. कर्ण १४ आणि ४८ झाले की ३३६. चौरसच केला तर ६२५. कर्ण न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटलंय!”

नात खदखदून हसली. माझा कातण्यावरचा हात मात्र थांबला.

बायांनो, ‘लेक आणि सून मला सारख्याच’ हे मी चारचौघींत किती मिरवलं! दोघींना सारखी साडी, सारखं चांदीचं भांडं. पण लेक पुण्याला शिकायला निघाली तेव्हा मी डबे भरून दिले, आणि सुनेने बी.एड.चं विचारलं तेव्हा म्हणाले, “सकाळच्या पोळ्यांचं काय?” सात वर्षं झाली त्याला. तिने परत विषय काढला नाही.

पहिला घाणा निघाला. मी विचारलं, “बी.एड.चे फॉर्म कधी निघतात गं? सकाळच्या पोळ्या मी बघेन.”

झाऱ्यावरची नजर न उचलता ती म्हणाली, “आई, पुढच्या द्या. तेल तापलंय.”

मग जरा वेळाने, हळूच, “उन्हाळ्यात निघतात.”