चौकटीतला सर्जा

कोल्हापुरात दसरा चौकातल्या शाहू स्मारकात पाच पोरांचं मिळून चित्रप्रदर्शन. त्यात आमचा पुतण्या. आठ दिवस सोप्यात काचा, पट्ट्या, खिळे. पाय ठेवायला जागा न्हाई. लिनोवर उलटं कोरायचं, शाई लावून दाबायचं, मग कागदावर सुलटं उमटतं. खाली पेन्सिलीनं ३/१०, म्हणजे दहातला तिसरा छाप. एक विकला तरी नऊ मागं राहणार. कागद काचेला टेकला तर दमट हवेत चिकटतो, म्हणून मधी जाड पुठ्ठ्याची खिडकी. ती मात्र त्यानं झ्याक कापलेली.

एका चौकटीत आमचा सर्जा, मोडक्या शिंगासकट.

"तात्या, ह्याची किंमत किती लावू?"

कर्जापायी सर्जाची किंमत मी बाजारात रुमालाखाली बोटं धरून ठरवली हुती.

"तूच लाव," म्हटलं, आणि चौकट पोत्यात गुंडाळायला घेतली.