उसाच्या बिलातली पद्मिनी

सोनईत आमची प्रीमियर पद्मिनी अजून रस्त्यावर आहे. अब्बांनी ती १९८६ साली उसाच्या बिलातून घेतली. कुर्ल्यात तयार झालेली, १०८९ सीसीची. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट सलग. ईदगाहला जाताना पुढे तिघे आणि मागे पोरांचा ढीग मावतो. नव्या गाड्यांत हे सुख नाही.

थंडीत चोक ओढायचा, उन्हाळ्यात बॉनेटखालच्या पेट्रोल पंपावर ओले फडके टाकायचे, एवढे चालते. खरी काळजी वेगळी आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येते आणि ते जुन्या रबराला सोसत नाही. नळ्या फुगतात, चिरतात. गंमत पाहा, यातले काही इथेनॉल उसाचेच! ज्या उसाने गाडी दारात आणली, तोच तिच्या नळ्या खातोय. शेतात आमचाही ऊस उभा आहे, तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

मिस्त्रींकडून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवून घेतल्या. धाकटा भाऊ म्हणतो, भंगारात द्या. अम्मीला मात्र गुडघ्यांमुळे त्याच्या उंच गाडीत चढवत नाही. नगरला दवाखान्यात जायचे तर पद्मिनीच. पासिंग पाच वर्षांनी करावे लागते, ते या मार्चमध्ये आहे. पर्यावरण कराचे पैसे मी बाजूला काढून ठेवलेत.