यंदाची सहल दरीतून पायी

आपल्या घरातला प्रवास कोणता, हे कुणाला सांगायला नको. दसऱ्याला नागपूरची दीक्षाभूमी, सहा डिसेंबरला चैत्यभूमी, वीस मार्चला महाड, एक जानेवारीला भीमा कोरेगाव. भाकरीचं गाठोडं, डब्यात दाराजवळ बसायला पसरलेली चादर, रात्रभर जागरण आणि परत येऊन सकाळी कामावर. हे प्रवास आम्ही कधी चुकवले नाहीत आणि पुढेही चुकवणार नाही. पण गेल्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या मुलीनं विचारलं, "आई, आपण नुसतं बघायला, नुसतं चालायला म्हणून कुठे जातो का गं?" त्यावर मला लगेच काही बोलता आलं नाही.

आम्ही भुसावळचे. अजिंठा आमच्यापासून फार लांब नाही. जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी एस.टी. साठेक किलोमीटरवर फर्दापूरला सोडते. एकदा शाळेच्या सहलीत, एकदा लग्न झाल्यावर मीही लेणी पाहून आले. पण ते पाहणं म्हणजे फर्दापूरच्या टी पॉईंटवर उतरायचं, तिथून लेण्यांच्या गाडीत बसायचं, पायऱ्या चढायच्या, एकामागून एक लेण्यात डोकावायचं आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून पळायचं. खालून जी नदी वाहते तिचं नाव वाघोर, हेसुद्धा तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

पुतण्या मागच्या वर्षी मित्रांबरोबर दुसऱ्या बाजूनं गेला. फर्दापूरहून घाट चढून अजिंठा गावाकडे जाताना एक फाटा फुटतो. त्या वाटेनं लेणापूरच्या बाजूला पठाराच्या कडेवर जाता येतं. तिथे उभं राहिलं की समोर सगळी दरी दिसते. घोड्याच्या नालासारखा वळलेला काळा कडा, दोन-अडीचशे फूट उंच, त्याच्या पोटात ओळीनं लेण्यांची दारं आणि तळाशी नदी. दरीच्या वरच्या टोकाला नदी टप्प्याटप्प्यानं उड्या घेत खाली येते, त्या जागेला सप्तकुंड म्हणतात. त्या कडेवरून पायऱ्यांची आणि पायवाटेची उतरण आहे. खाली आल्यावर नदीवरच्या पुलावरून पलीकडे लेण्यांत जाता येतं. हे सगळं त्यानं आम्हाला ताटावर बसल्या बसल्या सांगितलं आणि त्याच रात्री आमची सहल ठरली.

मी मुद्दाम थोडं वाचून काढलं. आज लेण्यांच्या दारांसमोरून एका पातळीत जी वाट जाते, ती अलीकडच्या काळातली. भिक्खूसंघ तिथे राहत होता तेव्हा बहुतेक लेण्यांना आपापला जिना होता आणि तो खाली नदीत उतरत होता. भिक्खू पाण्याला त्याच जिन्यानं जात, दान घेऊन येणारे उपासक-उपासिका नदीतूनच वर चढत. त्यातले बरेचसे जिने आता तुटले आहेत. म्हणजे गाडीतून उतरून आपण जे पाहतो ते बाजूच्या दारानं. दरीतून, नदीपासून वर जाणं ही जुनी वाट. वर्षावासाचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचं, या नियमातून अशा विहारांची गरज निर्माण झाली. पावसात ती दरी कशी गर्जत असेल आणि त्या आवाजात आत बसून ध्यान कसं होत असेल, हे मला तरी नदीकाठी उभं राहिल्याशिवाय कळणार नाही.

इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ १८१९ साली एप्रिलमध्ये शिकारीला आला, त्याला दरीपलीकडून दहाव्या लेण्याची कमान दिसली आणि "शोध" लागला असं पुस्तकात असतं. आसपासच्या माणसांना ती जागा काही अनोळखी नव्हती. त्यानं दहाव्या लेण्याच्या खांबावर आपलं नाव कोरून ठेवलं. मी मुलांना आधीच सांगून ठेवलं आहे, तेवढं सोडून बाकी सगळं करा.

विरोध झाला तो सासूबाईंचा. त्या मोताळ्याकडच्या, आता ७६ वर्षांच्या. म्हणाल्या, "डोंगर हिंडाले जायाचं? काऊन? माह्या बापानं डोंगर हिंडण्यातच जिंदगी घालवली." त्यांचे वडील गावचे महारकीचे काम करीत. अर्ध्या रात्री पाटलाचा निरोप आला की घुंगराची काठी घ्यायची आणि रानातून, नाल्यातून दुसऱ्या गावी सांगावा पोचवायचा. मढ्याची खबर, सरकारी माणसाचं ओझं, गावाचा पैसा, सगळं त्यांच्या पायावर. नाही म्हणायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून विधेयक मांडलं, पण वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं. सासूबाई तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. बाप रात्री घरी झोपू लागला, एवढंच त्यांना कळलं.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण मनात आलं की ज्या पायांना दुसऱ्याच्या हुकमानं डोंगर तुडवावा लागला, त्यांच्या नातीनं आपल्या मर्जीनं, आपल्या खर्चानं, कुणाचं ओझं न घेता त्याच डोंगरात उतरावं, यात वाईट काय? नातीनंच आजीला एक गोष्ट वाचून दाखवली. १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे तीसेक सहकारी वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. तीही सहलच. वाटेत दौलताबादला किल्ल्याच्या दाराशी हौदाच्या पाण्यानं त्यांनी हातपाय धुतले, तर पाणी बाटवलं म्हणून तिथल्या लोकांनी गोंधळ घातला. शेवटी हत्यारबंद शिपाई सोबत दिला आणि किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आत सोडलं. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. सासूबाई ऐकून बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तं मंग जा. पाणी घरूनच नेजा." पाणी घरूनच न्यायचं आमचं आधीच ठरलं होतं. कारण वेगळं, चालताना तहान लागते म्हणून. पण मी ते बोलले नाही.

तारखेवरून धाकट्याशी दोन दिवस भांडण झालं. त्यानं मोबाईलवर ऑगस्टमधल्या धबधब्याचे फोटो पाहिले, त्याला तेव्हाच जायचं. मी ठाम नाही म्हटलं. दरी अरुंद, दोन्ही बाजूंना उभे कडे. पाऊस वर पठारावर पडतो आणि पाणी खाली येतं. आपल्या डोक्यावर आभाळ कोरडं असलं तरी नदी पाहता पाहता फुगू शकते आणि बाजूला पळायला जागा नसते. धबधबा बारीक दिसला तर दिसू दे. दसऱ्याचा नागपूरचा खर्च झाल्यावर आणि सहा डिसेंबरच्या आधी, असा नोव्हेंबरचा मधला रविवार आम्ही धरला आहे. रविवारी गर्दी असते, पण ह्यांची सुट्टी तेव्हाच. सोमवारी लेणी बंद असतात, हे ज्यांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी आहे त्यांनी लक्षात ठेवावं. मोठा पाऊस झाला असेल तर उतरणीची वाट चालू आहे का, तेही आधी विचारून घेणार आहोत.

आम्ही चौदा जण. प्रत्येकानं आठवड्याला वीस रुपये डब्यात टाकायचे, जूनपासून सुरू आहे. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट, त्यामुळे आमच्या हिशेबाला मोठा हात लागला. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, आधारकार्ड मात्र जवळ हवं. लेण्यांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. खरा खर्च फर्दापूरहून वर कडेपर्यंतच्या जीपचा. तो टाळून आधी लेण्यांतून वर चढावं, असं ह्यांचं म्हणणं. मी म्हटलं, भर उन्हात चढण्यापेक्षा सकाळी वर जाऊन उतरू या, गुडघ्यांनाही जपून जपून उतरता येतं. पुतण्याला उतरायला पाऊण तास लागला होता, आम्ही दोन तास धरले आहेत.

नव्या चपला घालून कुणी यायचं नाही. शाळेचे जुने बूट असतील तर उत्तम, कारण उतारावर बारीक खडीवरून पाय सरकतो. माणशी दोन लिटर पाणी. भाकरी, ठेचा, तळलेल्या मिरच्या, गूळ-शेंगदाणे. खाण्याची पिशवी हातात उघडी ठेवायची नाही, तिथली वानरं धीट आहेत. कड्याला आग्या मोहळं असतात, म्हणून उग्र अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. जयभीमचा जयघोष आम्ही वर कडेवरच करून घेणार आहोत आणि खाली गेल्यावर त्रिसरण-पंचशील हळू आवाजात. आधी दहावं लेणं पाहायचं, सगळ्यांत जुन्यांपैकी एक, इसवी सनाच्या आधीचं, आत स्तूप आहे आणि बुद्धमूर्ती कोरलेली नाही. शेवटी सव्वीसावं, तिथे महापरिनिर्वाणाची मोठी मूर्ती आहे. मधली लेणी वेळ उरेल तशी.

सासूबाई आता येणार म्हणतात. जाऊबाई त्यांना घेऊन टी पॉईंटवरून गाडीनं लेण्यांत येतील आणि आम्ही नदीकडून वर येऊ, असा बेत आहे. सासूबाईंना तो पसंत नाही. त्यांना वरूनच यायचं आहे. डॉक्टरांना विचारायचं राहिलं आहे.

दोन जागा शिल्लक आहेत. शेजारच्या वहिनी दोनदा विचारून गेल्या, पण त्यांच्या घरी रविवारचीही ड्यूटी असते. पगारानंतर सांगते म्हणाल्या.